जनुकांची गळती

मावा ही कीड आयुष्यभर झाडाच्या रसवाहिनीतला रस शोषते. त्या रसात साखर भरपूर असते, पण प्राण्यांना स्वतः बनवता येत नाहीत अशी अमिनो आम्लं नावापुरतीच. एवढ्यावर प्रथिनं बनणार कशी? तरी मावा भराभर वाढतो, कारण त्याच्या पोटातल्या खास पेशी बुक्नेरा नावाच्या जिवाणूंनी खच्चून भरलेल्या असतात. कमी पडणारी अमिनो आम्लं ते तयार करतात, आणि आईकडून थेट पिल्लांत जातात. हा सिलसिला किमान 16 कोटी वर्षं चालू आहे. आता माव्याला बुक्नेराशिवाय जगता येत नाही, आणि बुक्नेराला माव्याबाहेर.

2000 साली जपानी संशोधकांनी बुक्नेराचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, पूर्ण वाचला. तो भरला जेमतेम 6 लाख 40 हजार बेस जोड्यांचा (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं), जनुकं सहाशेच्या आसपास. त्याच्या नात्यातल्या, आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूकडे 46 लाख बेस जोड्या आणि चार हजारांवर जनुकं आहेत.

नको ते टाकून जिवाणू सुटसुटीत आणि कार्यक्षम झाला, असा याचा अर्थ बरेचदा लावला जातो. मला तो अर्धाच खरा वाटतो. पेशीच्या आत, आयत्या अन्नात राहणाऱ्याला अन्न हुडकण्याची किंवा भक्कम बाह्य आवरण बांधण्याची जनुकं लागत नाहीत, हे ठीक. पण बुक्नेराने डीएनए दुरुस्त करणारी काही जनुकंही गमावली आहेत. त्यांना फालतू कोण म्हणेल?

खरी गोम वारशाच्या वाटेत आहे. आईकडून पिल्लात जाणारे जिवाणू थोडे असतात. गट लहान असला की थोडं नुकसान करणारं उत्परिवर्तनही (डीएनएतला बदल) निव्वळ योगायोगाने टिकून जातं. नैसर्गिक निवडीला ते चाळून काढता येत नाही. मोकळ्यावरचे जिवाणू एकमेकांकडून डीएनए घेतात, बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत बाहेरून मिळवू शकतात. इथे उसनं देणारं कुणी नाही. जनुकशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी 1964 मध्ये या अवस्थेला एकाच दिशेने फिरणाऱ्या दातेरी चाकाची उपमा दिली होती. कीटकांतल्या जिवाणूंना ती लागू पडते, हे जीवशास्त्रज्ञ नॅन्सी मोरान यांनी 1996 मध्ये दाखवलं. त्यात आणखी एक भर: जिवाणूंच्या डीएनएची नक्कल होताना नवे तुकडे शिरण्यापेक्षा असलेले गळण्याच्या चुका जास्त होतात. त्यामुळे मेलेलं जनुक पडून राहत नाही, हळूहळू झिजून नाहीसं होतं.

या प्रवासाच्या सुरुवातीलाच असलेला जिवाणूही सापडतो. त्सेत्से माशीतल्या सोडॅलिसचा जीनोम अजून 40 लाखांवर आहे, पण त्यातली शेकडो जनुकं मोडून पडलेली आहेत. बुक्नेरात हा ढिगारा बहुतेक साफ झाला आहे. मात्र उरलेल्या जनुकांतही खोट आहेच. त्यांची प्रथिनं नीट घडी घेत नाहीत, म्हणून घड्या सावरणारं ग्रोईएल हे प्रथिन बुक्नेरा प्रचंड प्रमाणात बनवत राहतो. याला कार्यक्षमता म्हणणं कठीण आहे.

आणि याची किंमत कीटकही मोजतो. वाटाण्यावरच्या माव्यात बुक्नेराच्या डीएनएतलं एकच अक्षर गळाल्याचं 2007 मध्ये आढळलं. उष्णतेपासून प्रथिनांना वाचवणारं एक जनुक सुरू करणाऱ्या भागातलं ते अक्षर. असा बुक्नेरा असलेल्या माव्याने लहानपणी काही तास कडक उष्णता सोसली, की पुढे त्याला पिल्लं जवळपास होतच नाहीत. गंमत म्हणजे थंड हवेत हेच मावे इतरांपेक्षा सरस ठरतात, त्यामुळे ही खोट निसर्गात टिकून आहे.

गळती बुक्नेरापाशी थांबत नाही. सायला किडीतल्या कार्सोनेलाचा जीनोम 1 लाख 60 हजार बेस जोड्यांचा, तर तुडतुड्यांतल्या नासुइयाचा 1 लाख 12 हजारांचा. पिठ्या ढेकणातल्या ट्रेम्ब्लायाकडे तर प्रथिनं बनवायला अत्यावश्यक असलेली जनुकंही पुरी नाहीत. तो जगतो कसा? त्याच्या आतच मोरानेला नावाचा दुसरा जिवाणू राहतो. एक अमिनो आम्ल बनवायचं तर काही पायऱ्या हा करतो, काही तो, आणि काही खुद्द ढेकूण. ढेकणाच्या स्वतःच्या डीएनएत भलत्याच जिवाणूंकडून आलेली जनुकंही सापडली आहेत, आणि या कामातल्या काही उणिवा तीच भरून काढत असावीत.

सिकाडा या झाडांवर कर्कश किरकिरणाऱ्या कीटकांत तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. त्यांतला हॉजकिनिया हा जिवाणू काही प्रजातींत फुटून दोन वंशांत विभागला गेला. एका वंशाने काही जनुकं गमावली, दुसऱ्याने वेगळीच. आता सिकाडाला दोन्ही सांभाळावे लागतात, म्हणजे पूर्वीच्याच कामासाठी दुप्पट बिऱ्हाड. अमेरिकेतल्या 13 आणि 17 वर्षांनी बाहेर येणाऱ्या सिकाडांत तर हे तुकडे दोनावर थांबलेले नाहीत. यातून सुटायचा एक मार्ग जपानच्या काही सिकाडांना सापडला आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांच्यात हॉजकिनिया उरलेलाच नाही. त्याच्या जागी यीस्टसारखी एक बुरशी राहते. तिचे सख्खे नातलग सिकाडांना पोखरून मारणारे परजीवी आहेत.