संमतीपत्राच्या आधीचा प्रश्न

1993 ते 1996 या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत उपचारांसाठी येणाऱ्या बायकांचा एक अभ्यास झाला. त्यातल्या 525 जणींनी सांगितलं, की आम्ही देहविक्रीच्या धंद्यात नाही. तपासणीत त्यांच्यापैकी 13.6 टक्के, म्हणजे साधारण सात जणींमागे एक, एचआयव्हीबाधित निघाली. त्यांचा धोका जोडलेला होता तो गुप्तरोग असलेल्या जोडीदाराशी. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा हा निबंध 1997 मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. (हेच गंगाखेडकर पुढे करोनाच्या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या वतीने टीव्हीवर बोलताना घराघरांत दिसले.) तोवर एचआयव्हीचा धोका म्हटलं की बुधवार पेठेतली देहविक्रीची वस्ती आणि ट्रक ड्रायव्हर एवढंच लोकांच्या डोळ्यांपुढे यायचं. एका नवऱ्याशी संसार करणारी बाई त्या हिशेबात नव्हती. ती हिशेबात आली, कारण कुणीतरी तिला नवऱ्याबद्दल विचारलं आणि तिने खरं सांगितलं.

संशोधनात रुग्णाचं काम हात पुढे करून रक्त देण्यापुरतं, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. रुग्णांमध्येही आहे आणि, खरं सांगायचं तर, संशोधकांमध्ये जास्त आहे. पण एचआयव्हीचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला तर रुग्णाला लवकर विचारलं तिथे विज्ञान पुढे गेलं आणि उशिरा विचारलं तिथे पैसा, वर्षं आणि विश्वास तिन्ही बुडाले. पुण्याला हे इतर बऱ्याच शहरांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवं.

कारण हे काम इथे 1992 पासून चालू आहे. त्या वर्षी आयसीएमआरने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', पुण्यात सुरू केली. भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या गर्दीत ही संस्था आहे. आता तिच्या नावात ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजीही आली आहे. दुसरं ठाणं बी. जे. मेडिकल कॉलेज आणि ससून रुग्णालय. तिथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर झालेल्या कामात, आईच्या दुधातून बाळाला होणारी लागण रोखण्यासाठी बाळाला सहा आठवडे नेविरॅपिन हे औषध द्यायचं की जन्मल्यावर एकच डोस पुरे, हे तपासलं गेलं. इथिओपिया आणि युगांडाच्या आकड्यांसह ते निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातली पहिली एचआयव्ही लसचाचणीही 2005 मध्ये भोसरीतच सुरू झाली. 30 निरोगी स्वयंसेवक होते. लस सुरक्षित निघाली, पण प्रतिकारशक्ती फारशी जागी झाली नाही, म्हणून ती पुढे गेली नाही. अशा चाचणीचं अपयशही कामाचं असतं.

या सगळ्यांत सगळ्यात मोठा प्रयोग 'एचपीटीएन 052'. नऊ देशांतली 1763 जोडपी, प्रत्येक जोडप्यात एक जण पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह. भारतातली दोन केंद्रं होती, पुणे आणि चेन्नई. प्रश्न असा: पॉझिटिव्ह जोडीदाराला लवकर गोळ्या चालू केल्या तर दुसऱ्याचा बचाव होतो का? निम्म्या जोडप्यांत प्रतिकारशक्ती मोजण्याच्या सीडी फोर पेशी 350 ते 550 असतानाच औषधं सुरू केली. उरलेल्यांत त्या 250 पर्यंत उतरेपर्यंत किंवा आजार दिसेपर्यंत थांबले. 2011 च्या एप्रिलअखेरीस चाचणीच्या देखरेख मंडळाने आकडे पाहिले. जोडीदाराकडूनच आल्याचं विषाणूच्या जनुकीय तपासणीत सिद्ध झालेल्या 28 लागणींपैकी 27 थांबलेल्या गटात होत्या आणि एकच लवकर औषध घेणाऱ्या गटात. धोका 96 टक्क्यांनी घटला होता. निकाल ठरल्या वेळेच्या आधीच जाहीर झाला आणि थांबलेल्या गटालाही औषध देऊ केलं गेलं. आज एआरटी सेंटरमधला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातला समुपदेशक सांगतो, की गोळ्या नियमित घ्या, रक्तात विषाणू सापडेनासा झाला की तुमच्यापासून जोडीदाराला संबंधांतून लागण होत नाही. त्या वाक्यामागे पुण्यातली ती जोडपीही आहेत. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी फोर न पाहता लगेच औषध, हे धोरण भारतात 2017 मध्ये आलं.

आता 'थांबलेला गट' हे शब्द पुन्हा वाचा. त्या वेळच्या उपचारांच्या नियमांत थांबणं बसत होतं, तरीही कुणाला तरी थांबायला सांगितलं गेलंच. अशी आखणी न्याय्य आहे का, हे फक्त डॉक्टरांनी ठरवायचं नसतं. म्हणून अशा आंतरराष्ट्रीय चाचण्यांत प्रत्येक केंद्रावर समुदाय सल्लागार मंडळ असावं लागतं. त्यात एचआयव्हीसह जगणारे, वस्तीत काम करणारे, कधी वकील, कधी शिक्षक असतात. आराखडा वाचणं, संमतीपत्रातली भाषा कळते का ते बघणं, 'ही तपासणी दर महिन्याला कशाला?' असं विचारणं हे त्यांचं काम. मंडळ नावापुरतं असलं तर चहा-बिस्किटांवर बैठक संपते. खरं असलं तर आराखडा बदलतो.

समुदायाला गंभीरपणे न घेतल्याची किंमत काय, हे 2004 मध्ये कंबोडियात दिसलं. टेनोफोविर या एचआयव्हीवरच्या औषधाची गोळी निगेटिव्ह व्यक्तीला लागणीपासून वाचवते का, याची चाचणी देहविक्री करणाऱ्या बायकांमध्ये होणार होती. त्यांनी विचारलं, दुष्परिणाम झाले तर दीर्घकाळ आमच्याकडे कोण बघणार? समाधानकारक उत्तर मिळालं नाही, निदर्शनं झाली आणि सरकारने चाचणी सुरू होण्याआधीच बंद केली. पुढच्या वर्षी कॅमेरूनमधली तशीच चाचणीही थांबली. गोळी चांगलीच होती, पुढे ते सिद्धही झालं, पण काही वर्षं हातची गेली. यातून धडा घेऊन 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांची युएनएड्स आणि एचआयव्ही प्रतिबंधावर काम करणारी एव्हॅक या संस्थांनी समुदायाच्या सहभागाचे नियम लिहून काढले.

त्याहून बोलकं उदाहरण 'व्हॉइस' चाचणीचं, कारण तिथे सगळं सुरळीत चाललंय असंच वाटत होतं. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या 5029 बायकांना लागण टाळण्यासाठी रोज घ्यायची गोळी किंवा योनीत लावायचं जेल दिलं होतं. विचारलं की बायका सांगायच्या, रोज घेतो. सांगण्यावर विश्वास ठेवला तर वापर 90 टक्के होता. 2013 मध्ये रक्ततपासणीचे आकडे आले, तेव्हा औषधाचा अंश जेमतेम पंचवीस ते तीस टक्के नमुन्यांत सापडला. चाचणी निष्फळ ठरली. नंतर त्याच बायकांशी निवांत बोलल्यावर कळलं, की एचआयव्हीची गोळी घरात सापडली तर लोक आपल्यालाच बाधित समजतील, ही भीती होती. दुष्परिणामांच्या अफवा होत्या, जोडीदाराचा संशय होता. पुण्यातल्या कुठल्याही एआरटी सेंटरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईने हे पाच मिनिटांत सांगितलं असतं. गोळ्यांची बाटली दुसऱ्या डब्यात ओतून ठेवणं, लेबल फाडणं, खुळखुळ आवाज येऊ नये म्हणून आत कापूस कोंबणं, या युक्त्यांचं ज्ञान कुठल्याही प्रयोगशाळेत नसतं.

मग पुण्यातल्या माणसाने या कामात शिरायचं कुठून? कुठे काय चालू आहे हे बघायला क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया आहे. 2009 च्या जूनपासून भारतातल्या औषधचाचण्यांची नोंद तिथे सक्तीची झाली. ती कुणालाही फुकट बघता येते, फक्त इंग्रजी किचकट आहे. त्याहून सोपी वाट माणसांची: एआरटी सेंटरचा समुपदेशक, एचआयव्हीसह जगणाऱ्यांचं 'एनएमपी प्लस' हे राज्यपातळीवरचं नेटवर्क, बुधवार पेठेतला सहेली संघ, 'प्रयास'सारखी आरोग्यावर दीर्घकाळ काम करणारी संस्था. आणखी एक दार लोकांना सहसा दिसत नाही, ते नैतिकता समितीचं. केंद्र सरकारच्या 2019 च्या औषधचाचणी नियमांनुसार अशा चाचण्या तपासणाऱ्या समितीत किमान सात जण लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. ही खुर्ची बहुतेक ठिकाणी ओळखीतल्या कुणा निवृत्त गृहस्थांना मिळते. गोळ्यांवर दहा-वीस वर्षं काढलेला माणूस तिथे बसला तर चर्चा वेगळी होईल, असं मला ठामपणे वाटतं.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर आधी एक गैरसमज काढून टाकावा. चाचणी म्हणजे उपचार नव्हे. चिठ्ठी टाकल्यासारखं तुमचा गट ठरतो, आणि नवं औषध जुन्यापेक्षा चांगलं आहे की नाही हे माहीत नसतं म्हणून तर चाचणी चालू असते. नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासात तर थेट फायदा बहुधा काहीच नसतो. लसचाचणीत आणखी एक गंमत आहे. लस टोचल्यावर शरीर प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवू शकतं, आणि मग लागण नसतानाही नेहमीची एचआयव्ही तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. नोकरीच्या, विम्याच्या किंवा बाळंतपणाच्या वेळी हे समोर आलं तर? म्हणून स्वयंसेवकाकडे तसं पत्र असावं लागतं आणि वेगळ्या पद्धतीची तपासणी उपलब्ध ठेवावी लागते. हे सही करण्याआधी विचारायचं.

कायदा बऱ्यापैकी बाजूने आहे. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. माहितीपूर्ण संमतीशिवाय बाधित व्यक्तीवर संशोधन करता येणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. त्याच नियमांतला एक बारकावा मला फार आवडतो. नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातल्या व्यक्तीची संमती घेताना व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं, पण एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाजाची नोंद पुरते. चेहरा दिसू नये ही काळजी कुणीतरी नियमात घातली.

तरुण संशोधकांसाठीही दारं आहेत. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांना आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी संशोधनाची योजना मिळू शकते, आणि एचआयव्हीवरचा छोटा प्रश्न त्यात सहज बसतो. फक्त प्रश्न ग्रंथालयात बसून ठरवू नका. जन्मतः बाधित असलेली मुलं आता लग्नाच्या वयाची झाली आहेत. स्थळ आलं की आधी सांगायचं की नंतर, आणि कुणी सांगायचं? वीस वर्षं औषध घेतलेल्यांची साठी आली आहे. हाडं, मूत्रपिंडं, मधुमेह यांचं काय? चाकणच्या कंपनीत पाळीत काम करणाऱ्याचा सेंटरला गेलेला दिवस बिनपगारी जातो, त्यामुळे किती जणांच्या गोळ्या चुकतात? यातल्या निम्म्या प्रश्नांना मोठं यंत्र लागत नाही. निष्कर्ष निघाल्यावर, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ते मराठीत, एका पानात सांगणं मात्र लागतं, आणि ते फारसं होत नाही.

संघटित रुग्ण काय करू शकतात, हे डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाच्या वेळी कळलं. 2018 च्या मे महिन्यात बोट्स्वानातल्या आकड्यांत, गर्भधारणेच्या वेळी हे औषध घेणाऱ्या बायकांच्या काही बाळांत मज्जारज्जूचा दोष जास्त दिसला. लगेच अनेक देशांनी बायकांना हे औषध देणं थांबवायला घेतलं. जुलैमध्ये आफ्रिकेतल्या बाधित महिला किगालीत जमल्या आणि म्हणाल्या, धोका आम्हाला समजावून सांगा, पण निवड आमची. चांगलं औषध फक्त पुरुषांना आणि बायकांना जुनं, हे चालणार नाही. पुढे जास्त आकडे आले तसा तो धोका किरकोळ ठरला, आणि 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते सगळ्यांसाठी सुचवलं. आज आपल्या एआरटी सेंटरमध्ये मिळणाऱ्या 'टीएलडी' गोळीतला डी तोच.

पुढचा विषय दारात उभा आहे. लेनाकापाविर हे लागण टाळण्याचं औषध सहा महिन्यांतून एकदा टोचायचं. 2024 मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या ज्या 2134 तरुणींना ते दिलं, त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. त्या चाचणीत गरोदर राहिलेल्यांना बाहेर काढलं नाही आणि सोळा वर्षांच्या मुलीही घेतल्या. हे औषध स्वस्तात बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे. म्हणजे औषध आपल्या शहरातली कंपनी बनवू शकते, पण ते इथे कुणाला, कुठे आणि कसं द्यायचं यावर अभ्यास करावे लागतील. सुई पोटाच्या त्वचेखाली टोचतात आणि तिथे काही महिने बारीकशी गाठ हाताला लागू शकते. नवऱ्याने विचारलं, ही गाठ कसली, तर बाईने काय सांगायचं? अशा अभ्यासाच्या प्रश्नावलीत हा प्रश्न घालायचा, तर तो आराखडा लिहिण्याआधी कुणीतरी तिलाच विचारायला हवा.