भगप्रदेशातील पुटकुळ्या व गाठी

स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियावर, म्हणजे बृहत् व लघु भगोष्ठ, योनिद्वाराभोवतीचा भाग, जघनावरील केसाळ त्वचा आणि लगतची जांघ येथे उठणारे फोड, उंचवटे व गाठी. यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. काही तर रोग नसून त्वचेची नैसर्गिक ठेवणच असते. तरीही संकोचापोटी अनेकजणी महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाहीत, किंवा औषधाच्या दुकानातून मलम आणून परस्पर लावतात. साधे दुखणे त्यामुळे चिघळते आणि गंभीर दुखणे झाकले जाते.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्शाच्या (मूळव्याधीच्या) प्रकरणात योनीवर येणाऱ्या मऊ, दुर्गंधी, बुळबुळीत स्राव असलेल्या छत्राकार अंकुरांचे वर्णन आहे. आज ज्यांना जननांगावरील चामखिळी म्हणतात त्यांच्याशी हे वर्णन बरेच जुळते. मात्र संहितेवर अनेक संस्कार झाले असून तिचा काळ इ. स. पूर्वीच्या शतकांपासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत वेगवेगळा मानला जातो. हा भाग नेमका कोणत्या थरातला, हे ठरवणे कठीण आहे. माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात (सामान्यतः सातवे-आठवे शतक) ‘योनिकंद’ ही स्वतंत्र व्याधी येते. दिवसा झोपणे, अतिक्रोध, अतिमैथुन, नखादंतांच्या जखमा ही तिची कारणे दिली असून रूप लकुचाच्या (फणसाच्या जातीच्या झाडाच्या) फळासारखे आणि रंग पू व रक्तासारखा सांगितला आहे. आधुनिक आयुर्वेद लेखकांपैकी काही हिला बार्थोलिन ग्रंथीची (योनिद्वाराजवळच्या स्रावग्रंथीची) गाठ मानतात, काही गर्भाशय खाली सरकणे, तर काही गर्भाशयमुखावरील मांसांकुर. जखम व पू यांच्या उल्लेखामुळे पहिला अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. तथापि दोषांनुसार केलेले भेद पाहता एकाच नावाखाली अनेक विकार आले असण्याचा संभव अधिक.

नैसर्गिक उंचवटे : लघु भगोष्ठांच्या आतल्या बाजूस दिसणारे बारीक पिवळसर ठिपके या केसाविना उघडणाऱ्या तैलग्रंथी होत. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ जॉन ॲडिसन फॉर्डाइस यांनी 1896 मध्ये ओठ व तोंडातील अशा ठिपक्यांचे वर्णन केले म्हणून त्यांना फॉर्डाइस ठिपके म्हणतात. त्यांना उपचार लागत नाहीत.

योनिद्वाराभोवती काहीजणींना गुलाबी, मऊ, बोटासारखे अंकुर दोन्ही बाजूंना सारख्या ओळीत असतात. 1980 च्या दशकात हे अंकुर मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे (एचपीव्ही) होतात असे अनेक तज्ज्ञ मानत आणि त्यांवर चामखिळींचेच उपचार होत. पुढील अभ्यासांत विषाणूचा सातत्याने पुरावा मिळाला नाही, आणि आज ही नैसर्गिक ठेवण असल्याचे मत बहुमान्य आहे. तेच येथे स्वीकारले आहे. भेद जवळून पाहिल्यास कळतो. नैसर्गिक अंकुर बुडाशी एकमेकांपासून सुटे असतात आणि त्यांचा रंग भोवतालच्या त्वचेचाच असतो. चामखिळीचे अंकुर एकाच बुडातून फुटतात, अधिक घट्ट असतात आणि कशाही पसरतात. सौम्य ॲसेटिक आम्ल लावून त्वचा पांढरी पडते का हे पाहण्याची चाचणी एकेकाळी रूढ होती. पण नुसत्या दाहानेही त्वचा पांढरी पडते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबणे योग्य नाही.

केसांशी संबंधित विकार : केस काढल्यावर आत वळलेला केस, केसाच्या मुळाचा दाह, केसतूड व गळू ही सर्वांत नेहमीची कारणे. घट्ट कपडे, घाम, पॅडचे घर्षण यांनी भर पडते. गळवे वारंवार होत असल्यास रक्तातील साखर तपासावी. काखमांजरीसारखी गळवे काखेत व जांघेत पुनःपुन्हा येऊन आत नळ्या व व्रण तयार होत असतील, तर तो वेगळा दीर्घकालीन विकार असतो. फ्रेंच शल्यचिकित्सक व्हेर्नय यांनी 1854 मध्ये त्याचे मूळ घामाच्या ग्रंथींत मानले. आज केसाच्या मुळाशी होणारा अडथळा हे मूळ मानण्याकडे कल आहे.

बार्थोलिन ग्रंथी : योनिद्वाराच्या मागील बाजूस दोहोंकडे एकेक असतात, डेन्मार्कच्या कॅस्पर बार्थोलिन (धाकटे) यांनी 1677 मध्ये त्यांचे वर्णन केले. त्याच नावाचे त्यांचे आजोबा आणि वडील टॉमस हेही शरीररचनाशास्त्रज्ञ असल्याने श्रेयाबाबत घोटाळा होतो. ग्रंथीची सुमारे 2.5 सेंमी. लांबीची नलिका बंद झाली की स्राव साठून एका बाजूला गाठ येते. न दुखणारी छोटी गाठ तशीच ठेवली तरी चालते. पू झाल्यास चालणे-बसणे मुश्कील होते. तेव्हा लहान छेद देऊन आत टोकाला फुगा असलेली बारीक नळी काही आठवडे ठेवतात, म्हणजे स्रावाला नवी वाट तयार होते. नुसती चीर देऊन पू काढल्यास गाठ पुन्हा भरू शकते.

संसर्गजन्य विकार : जननांगावरील सुमारे 90% चामखिळी एचपीव्हीच्या 6 व 11 या प्रकारांमुळे होतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली, 2023 मध्ये उपलब्ध झालेली लस 6, 11, 16 व 18 या चार प्रकारांविरुद्ध आहे. आधीच आलेल्या चामखिळी मात्र तिने जात नाहीत. मधोमध खळगी असलेल्या चकचकीत पुटकुळ्या मोलस्कम या विषाणुजन्य त्वचाविकाराच्या असतात. हर्पिस या विषाणुजन्य संसर्गात दुखरे पाणीदार फोड घोळक्याने येऊन फुटतात. उपदंशाचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही, म्हणून तो नजरेतून सुटतो. रात्री वाढणारी खाज व घरात इतरांनाही खाज असल्यास खरूज पाहावी.

काळजी : फोड पिळू नये, सुईने फोडू नये. दिवसातून दोन-तीनदा 10 ते 15 मिनिटे कोमट पाण्यात बसल्याने किंवा शेक दिल्याने गळवाचा ठणका कमी होतो. त्या भागास साधे पाणी पुरते. जंतुनाशक द्रव, सुगंधी धुलाई किंवा योनीच्या आत धुणे यांनी त्वचा अधिक चुरचुरते. सुती, सैल अंतर्वस्त्रे वापरावीत आणि दाह असेपर्यंत केस काढणे थांबवावे. स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे सल्ल्याविना लावणे विशेष घातक आहे : गजकर्ण त्यांखाली दबल्यासारखे वाटते, पण पसरत राहते.

ताप, झपाट्याने वाढणारी सूज, तीन-चार आठवड्यांत न भरणारा व्रण, रक्त येणारी किंवा रंग बदलणारी गाठ, पांढरट पातळ झालेल्या त्वचेवरची दीर्घकाळची खाज यांपैकी काही असल्यास स्त्रीरोग किंवा त्वचारोग तज्ज्ञांकडे जावे. चाळिशीनंतर बार्थोलिन ग्रंथीच्या जागी प्रथमच गाठ आल्यास कर्करोग नाही याची खात्री करण्यासाठी तुकडा तपासण्याचा विचार करतात. गर्भवतीला, विशेषतः अखेरच्या महिन्यांत, हर्पिसचे फोड प्रथमच आले तर प्रसूतीच्या वेळी बाळाला संसर्गाचा धोका मोठा असतो. ते त्वरित डॉक्टरांना सांगावे.