प्रीती (ख्रिस्ती मंडळीतली शिकवण)

प्रीती हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. बाहेर आपण प्रेम म्हणतो, पण चर्चमध्ये प्रीतीच, कारण बायबलच्या नव्या करारातल्या अगापे या मूळ ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलात बहुतेक ठिकाणी तोच आलाय. नुसती माया किंवा ओढ एवढाच याचा अर्थ नाही, समोरच्याचं भलं व्हावं म्हणून आपण काय करतो तेही यात येतं, मग तो माणूस आवडो नाहीतर नावडो.

यावरचा सगळ्यात गाजलेला उतारा म्हणजे बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 13वा अध्याय, म्हणजे येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पत्र. "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे" हे लग्नात इतक्या वेळा वाचलं जातं की ते नवरा-नवरीसाठीच लिहिलंय असं वाटायला लागतं. खरं तर ते एका भांडणाऱ्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला लिहिलंय. करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं शहर, पत्राचा काळ साधारण इ.स. 53 ते 55, आणि तिथे मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा (हा दुसरा एक उपदेशक) असे गट पडले होते, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या भोजनाला, काही जण आधीच खाऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, शिवाय कुणाला कुठलं आत्मिक दान (पवित्र आत्म्याकडून मिळणारी देणगी, जसं अनोळखी भाषेत बोलणं) मिळालंय यावरून मोठेपणा चालायचा तो वेगळाच. म्हणून पौलाने दानांबद्दलच्या 12 आणि 14 या दोन अध्यायांच्या मधोमध प्रीती आणून ठेवली.

आणि 14वा अध्याय सोडून 13वा वाचला की अर्धी गोष्ट राहून जाते असं मला मनापासून वाटतं. तिथे पौल म्हणतो की मंडळीत कुणाला न समजणाऱ्या भाषेत दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा दुसऱ्यांना शिकवायला समजतील असे पाच शब्द बोलणं बरं. म्हणजे देवाचं वचन समोरच्याला कळेल असं सांगणं हेसुद्धा प्रीतीचंच काम झालं. "ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते" हे त्याच पत्रात आधी आठव्या अध्यायात येऊन गेलेलं असतं.

मराठीत या पाच शब्दांची गोष्ट बरीच जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आले, त्यांचं क्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य, 1616 मध्ये छापलं गेलं, तेही ओवीत, कारण पुराण ऐकायची सवय असलेल्या लोकांना ओवी आपली वाटायची. अर्थात त्याच पोर्तुगीज राजवटीत त्या लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती, हे विसरून चालणार नाही. पुढे अहमदनगरकडे (आताचं अहिल्यानगर) ख्रिस्ती कीर्तनं सुरू झाली आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची पदं आजही उपासनेत गातात.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पंडिता रमाबाईंचं काम. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे निराधार बायकांसाठी काढलेल्या आपल्या संस्थेत, त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, आधीच्या भाषांतरातले जड संस्कृत शब्द साध्या बायकांना कळत नाहीत म्हणून, आणि छापखान्यातही मुक्तीतल्याच बायका-मुली काम करायच्या. संस्कृत पंडित म्हणून नाव झालेल्या बाईने हे करावं! 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं. अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल करून तीच वाट पुढे नेली.

आज मंडळीत हे शिक्षण मुख्यतः संडे स्कूलमध्ये, म्हणजे जुन्या भाषेत शब्बाथ शाळेत चालतं, पाळकांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) उपदेश आणि घरोघरच्या प्रार्थनासभा आहेतच. शिकवणारे बहुतेक करून मंडळीतल्याच ताई, काकू, कॉलेजची पोरं, आणि लहान मुलांना अगदी सुरुवातीला पाठ करायला देतात त्यातलं एक वचन तीनच शब्दांचं असतं: देव प्रीती आहे.