मदरबोर्ड कसा घडत गेला

संगणकाचे खोके उघडले की आत दिसणारा सर्वांत मोठा बोर्ड म्हणजे मदरबोर्ड. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि कार्डे यांना वीज पुरवायची आणि त्यांच्यात माहितीची ये-जा चालू ठेवायची, हे त्याचे काम. सुरुवातीला मात्र असा बोर्ड नव्हताच. १९७५ च्या अल्टेअर ८८०० या संगणकात प्रोसेसर एका कार्डावर, तर मेमरी दुसऱ्या कार्डावर असे. ही कार्डे ज्या पाटीत खोचत, तिच्यावर १०० पिनांची सॉकेट आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या रेघा, बस्स!

१९७७ च्या अ‍ॅपल टूमध्ये प्रोसेसर आणि मेमरी मुख्य बोर्डावरच आली; जादा कार्डांसाठी ८ स्लॉट होते. १९८१ च्या आयबीएम पीसीत ५ स्लॉट होते आणि स्क्रीन, फ्लॉपी, प्रिंटर यांची कार्डे त्यांत बसत. आयबीएमने या बोर्डाची सर्किट-आकृती तांत्रिक पुस्तिकेत चक्क छापून टाकली. मला या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. कोणालाही त्या स्लॉटची कार्डे बनवता आली आणि पुढे तसे संगणकही निघाले. बायॉस, म्हणजे संगणक चालू होताना सर्वांत आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, तेवढा इतरांना नव्याने लिहावा लागला, कारण त्यावर कॉपीराइट होता.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा आणला. स्क्रूची भोके आणि मागच्या पोर्टची जागा ठरली, म्हणून एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये आजही बसतो.

तोवर बोर्डावरच्या सुट्या चिपांची कामे चिपसेटने, म्हणजे नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज या दोन मोठ्या चिपांच्या जोडीने, उचलली होती. मेमरी आणि ग्राफिक्स नॉर्थब्रिजकडे, डिस्क आणि यूएसबी साउथब्रिजकडे. पण मेमरीतले काहीही मागायचे तर प्रोसेसरला नॉर्थब्रिजमार्फत जावे लागे आणि त्यात वेळ जाई. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ मध्ये मेमरी कंट्रोलर, म्हणजे मेमरीशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, प्रोसेसरमध्येच घातला. इंटेलने २००८ मध्ये. पुढे ग्राफिक्सची जोडणीही प्रोसेसरमध्ये गेली आणि नॉर्थब्रिजची गरजच संपली.

प्रोसेसर आणि मेमरीच्या मधली जागा निरखून पाहा. काही रेघा सरळ न जाता मुद्दाम नागमोडी वळणे घेतात. सगळ्यांची लांबी जुळावी आणि सिग्नल एकाच वेळी पोचावेत, यासाठी ही आखणी असते.

शेजारीच चौकोनी कॉइलांची रांग असते. तिथे १२ व्होल्टचा पुरवठा सुमारे १ व्होल्टवर आणला जातो. ताकदवान प्रोसेसर त्यातून १०० अँपिअरहून जास्त करंट ओढतो, त्याने तो भाग तापतो, म्हणून त्यावर उष्णता बाहेर टाकणारे जाड हीटसिंक बसवलेले असते.