सामान्य मानसिक विकारांचे प्रादेशिक सर्वेक्षण

एखाद्या शहरातील, जिल्ह्यातील किंवा प्रांतातील किती लोकांना नैराश्य, चिंताविकार, भयगंड, मंत्रचळ (नको असलेले विचार किंवा कृती पुन्हा पुन्हा होणे) यांसारखे विकार आहेत, हे नमुना निवडून आणि घरोघर मुलाखती घेऊन मोजण्याची पद्धत. नावातील ‘सामान्य’ म्हणजे नेहमी आढळणारे, किरकोळ नव्हे. स्किझोफ्रेनियासारखे तीव्र विकार या गटात धरत नाहीत. ते विरळ असतात आणि त्यांच्या मोजणीला फार मोठा नमुना लागतो.

दवाखान्याच्या नोंदींवरून हे काम भागत नाही. का भागत नाही, हे दाखवणारा गाळण्यांचा आराखडा डेव्हिड गोल्डबर्ग आणि पीटर हक्स्ली या ब्रिटिश अभ्यासकांनी १९८० मध्ये मांडला. त्यातील ब्रिटिश अंदाजांनुसार वर्षभरात दर हजार लोकांत सुमारे २५० जणांना मानसिक विकार असतो. त्यांपैकी २३० जण काही ना काही कारणाने नेहमीच्या डॉक्टरकडे जातात. पण डॉक्टरच्या लक्षात येतात १४०, मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचतात १७ आणि रुग्णालयात दाखल होतात ६. म्हणजे मनोरुग्णालयाच्या वहीत दिसतो तो शेवटच्या गाळणीतून खाली उतरलेला थेंब.

मोजदादीचा इतिहास जुना आहे. एडवर्ड जार्व्हिस या अमेरिकी डॉक्टरांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेडाविषयीचा अहवाल १८५५ मध्ये दिला. त्यासाठी त्यांनी ठिकठिकाणच्या डॉक्टरांकडून आणि धर्मगुरूंकडून माहिती गोळा केली होती. अशा रीतीने गावाला ठाऊक असलेले रुग्ण सापडतात, पण रात्र रात्र तळमळून सकाळी मुकाट्याने कामाला जाणारा सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वसाधारण लोकांच्याच थेट मुलाखती सुरू झाल्या. न्यूयॉर्कमधील मिडटाउन मॅनहॅटन पाहणीत १,६६० प्रौढांपैकी २३.४ टक्के लोक लक्षणांमुळे बाधित ठरले आणि अवघे १८.५ टक्के पूर्ण निरोगी. हे आकडे गाजले तसेच त्यांच्यावर टीकाही झाली. संसाराचा ताण आणि आजार यांच्यातली रेघ कुठे मारायची, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राच्या मानगुटीवर बसला आहे.

अमेरिकेत १९८० मध्ये निदानाचे काटेकोर निकष आले. त्यांवर बेतलेल्या ठरावीक प्रश्नावल्या तयार झाल्या, आणि डॉक्टर नसलेला, पण प्रशिक्षण घेतलेला मुलाखतकारही त्या वाचून दाखवू लागला. अशा प्रश्नावलीने पाच ठिकाणच्या सुमारे २०,००० लोकांची पाहणी झाली. आयुष्यात कधी तरी विकार झालेल्यांचे प्रमाण ३२ टक्के निघाले. पुढे १९९०–९२ मध्ये त्याच देशात वेगळी प्रश्नावली आणि १५ ते ५४ हा वयोगट घेऊन केलेल्या पाहणीत ते ४८ टक्के भरले. दहा वर्षांत देश इतका आजारी पडला असे कोणी मानले नाही. फरकाचा मोठा वाटा मोजपट्टीचा होता.

मोजपट्टी किती फसवते, हे साध्या गणिताने कळते. समजा, चाळणी प्रश्नावली (संभाव्य रुग्ण झटपट वेगळे काढणारी छोटी प्रश्नावली) १०० रुग्णांपैकी ८० जणांना अचूक पकडते आणि १०० निरोगी लोकांपैकी १० जणांना चुकून रुग्ण ठरवते. हजार लोकांत खरे रुग्ण १०० असतील, तर ती ८० खऱ्यांबरोबर ९० खोटेही उचलते आणि प्रमाण १० ऐवजी १७ टक्के दिसते. खरे रुग्ण २० च असतील, तर १६ आणि ९८ मिळून ११.४ टक्के! विकार जितका विरळ, तितकी फुगवटी मोठी. म्हणून चांगल्या सर्वेक्षणात दोन टप्पे असतात: आधी सर्वांसाठी चाळणी, मग चाळणीत अडकलेले आणि न अडकलेले अशा दोन्ही गटांतील काहींची तज्ज्ञाकडून सविस्तर मुलाखत. दुसरा गट अनेकदा खर्च वाचवण्यासाठी गाळला जातो आणि निसटलेले रुग्ण किती, हे कायमचे अंधारात राहते.

नमुन्याचा आकडाही तसाच वाढत जातो. प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आणि चूक दोन टक्क्यांच्या आत हवी, तर सुमारे ८६५ लोक पुरतात. पण लोक वस्त्यांच्या गटांतून निवडले की एकाच वस्तीतले लोक बऱ्याच बाबतींत सारखे निघतात, म्हणून ही संख्या साधारण दुप्पट धरावी लागते. त्यावर नकार देणारे आणि घरी न भेटणारे वेगळे. घरात जो सापडेल त्यालाच विचारले, तर दिवसा घरी असणाऱ्यांची गर्दी होते. त्यामुळे घरातली व्यक्तीही आधी ठरलेल्या तक्त्यावरून निवडतात. तुरुंगात, वसतिगृहात, रस्त्यावर राहणारे बहुतेक पाहण्यांत सुटतातच.

‘आयुष्यात कधी तरी’ या प्रश्नावर फार विसंबू नये. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२–७३ मध्ये जन्मलेल्या मुलांची वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासणी झाली. त्यातून वयाच्या ३२ पर्यंत निघालेले नैराश्याचे आणि चिंताविकारांचे प्रमाण एकदाच आठवून सांगायला लावणाऱ्या पाहण्यांच्या जवळपास दुप्पट होते. माणसे विसरतात. शिवाय ‘हो’ म्हटले की पुढे दहा प्रश्न येतात, हे चाणाक्ष उत्तरदाता पटकन ओळखतो आणि ‘नाही’ म्हणू लागतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक विकाराचे पहिले प्रश्न मुलाखतीच्या सुरुवातीलाच एकत्र विचारण्याची रीत पडली.

भाषेचा पेच याहून नाजूक. झिंबाब्वेतील शोना भाषकांत ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे, ही त्रासाची ओळखीची खूण आहे. तिच्यासह स्थानिक शब्दांवरून तिथे १४ प्रश्नांची यादी रचली गेली. मराठीतही ‘नैराश्य आहे का?’ याला नकार देणारा माणूस ‘कशात मन लागत नाही’ हे सहज कबूल करतो.

यामुळे प्रदेशांची तुलना जपून करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १४ देशांतील पाहण्यांत (२००४) बारा महिन्यांतील प्रमाण शांघायमध्ये ४.३, तर अमेरिकेत २६.४ टक्के आले. उघडपणे सांगण्यातला संकोच त्यात किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. भारताच्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ राज्यांतील ३४,८०२ प्रौढांना एकाच साधनाने तपासले. चालू विकारांचे एकूण प्रमाण १०.६ टक्के निघाले; पण आसामात ते ५.८ आणि मणिपूरमध्ये १४.१ होते.

मुलाखतीत कोणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, तर मुलाखतकाराने काय करायचे आणि त्या व्यक्तीला कोणाकडे पाठवायचे, हे पहिले दार ठोठावण्यापूर्वीच लिहून ठरवलेले असावे लागते. जवळपास उपचारांची सोय नसलेल्या भागात सर्वेक्षणाच्या आखणीतला सर्वांत अवघड भाग हाच असतो.