शिवणातला विसावा आणि शिवणातला उपचार

नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी मनाने आजारी पडलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या कागदावर औषधांच्या खाली ‘ओटी’ असं लिहिलं, तेव्हा आईच्या पोटात गोळा आला. तिला वाटलं, ऑपरेशन थिएटर. मी तिला समजावलं, आई, ही ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. पण पुढच्याच आठवड्यात माझीही चूक झाली. तिथे त्याला जुन्या पॅन्टची पिशवी शिवायला देतात हे कळल्यावर मी म्हणाले, “एवढंच ना? घरी मशीन आहे, जुन्या कपड्यांचं गाठोडं आहे. मीच बसवते त्याला.”

दोन्हीकडे तीच सुई आणि तेच कापड. म्हणून हा गोंधळ माझ्या एकटीचा नसणार.

आधी माझ्या शिवणाबद्दल सांगते. बाबांचे निवृत्तीनंतर पडून राहिलेले चार सफारी होते. भांडेवालीने चारही मिळून एक लहानसं पातेलं देऊ केलं, तेव्हा मी ते परत आत आणले. मे महिन्याच्या दुपारी नागपुरात घराबाहेर पाऊल टाकवत नाही. कूलरसमोर चटई टाकून मी पहिला सफारी उसवायला घेतला. ब्लेडच्या टोकाने एक टाका कापायचा, तीन-चार सोडायचे, पुन्हा एक कापायचा. मग उलट्या बाजूचा दोरा ओढला की वीतभर शिवण एका दमात सुटते. आत दाबलेल्या पट्टीवर कापडाचा मूळ रंग तसाच होता, गडद करडा. बाहेरचा उन्हाने पार उडालेला. खिशाच्या तळाशी बसच्या तिकिटाचा लगदा सापडला. त्या दोन तासांत मी एकदाही मोबाईल पाहिला नाही. दोन्ही हात गुंतलेले असले की तो उचलायचा तरी कुठल्या हाताने!

याने मन का हलकं होतं, याचा मी बराच विचार केला आहे. नव्या कापडाला कात्री लावताना छाती धडधडते, कारण मीटरमागे पैसे मोजलेले असतात. जुनं कापड आधीच वाया गेलेलं. चुकलं तर चुकलं, गमावण्यासारखं काही नाही. पट्टा कुठून घ्यायचा, खिसा ठेवायचा की काढायचा, असे छोटे निर्णय सारखे घ्यावे लागतात आणि त्यांचा परिणाम त्याच दुपारी डोळ्यांसमोर येतो. संसारातले, नोकरीतले निर्णय असे कुठे लगेच फळतात? मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने अशा तल्लीनतेला ‘फ्लो’ हे नाव दिलं. काम आपल्या कुवतीपेक्षा फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. दोन्हींचा मेळ बसला की वेळेचं भान सुटतं. हा विसावा खरा आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. मात्र तो माझ्या मर्जीचा आहे. कापड मी निवडते, वाटेल तेव्हा उठते, महिनाभर सुईला हात लावला नाही तरी कुणी विचारत नाही.

आता ओटी. ‘व्यवसायोपचार’ या शब्दाने घात होतो. इतवारी-गांधीबागच्या कापडबाजारात वाढलेली माझी मावशी सरळ विचारती झाली, “ब्लाउज शिवायला शिकवतील का जी? दोन पैसे तरी मिळतील.” पण इथे व्यवसाय म्हणजे धंदा नाही. माणूस दिवसभर ज्या ज्या गोष्टीत गुंतलेला असतो ते सगळं यात येतं: आंघोळ, स्वयंपाक, बस पकडणं, कामावर टिकून राहणं. आजाराने यातलं जे सुटलं, ते पायरीपायरीने परत आणायचं. 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी याचं शिक्षण भारतात पहिल्यांदा सुरू केलं. आपल्या मेडिकलमध्येही, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही, ते शिकवतात.

मी भावासोबत गेले तेव्हा थेरपिस्ट मॅडमचं पिशवीकडे फारसं लक्षच नव्हतं. त्या पाहत होत्या तो किती वेळ बसतो, कोणत्या पायरीला थांबतो, सांगितलेल्या तीन गोष्टींतली कितवी विसरतो, अडलं तर मदत मागतो की गप्प बसून राहतो. पहिल्या दिवशी त्याने फक्त खडूची रेघ मारली आणि त्या रेघेवर बोटभर धावदोरा घातला. वीस मिनिटं. मला ते लाजिरवाणं वाटलं होतं. हाच मुलगा पूर्वी तासाभरात महिन्याचा हिशेब जुळवायचा. मॅडमनी वहीत वेळ लिहिली आणि पुढच्या खेपेला काम फक्त एका पायरीने वाढवलं.

माझी चूक इथेच झाली. एकदा त्याने अर्धी पिशवी घरी आणली. टीप वाकडी गेली होती. रात्री मी ती उसवून सरळ मारून ठेवली. प्रेमानेच केलं. सकाळी त्याने पिशवी पाहिली, टेबलावर ठेवली आणि चार दिवस तिला हात लावला नाही. मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ताई, ती टीप त्याची होती.” माझ्या शिवणात वस्तू नीट व्हावी हा आनंद असतो. तिथे वस्तू हे निमित्त होतं, त्याने हाती घेतलेलं काम स्वतः शेवटाला नेणं हाच खरा माल होता. तो मी उसवला.

कापड निवडण्यातही फरक दिसला. मी बाबांचे सफारी घेतले ते त्यांत बाबा आहेत म्हणून. भावासाठी मात्र मॅडमनी सुरुवातीला मुद्दाम कुणाचीच आठवण नसलेलं कापड घेतलं. जुना कपडा मायेने जवळ घेतो, तसा नको ते उकरूनही काढतो. नोकरी गेली त्या दिवसाचा शर्ट त्याच्या हातात देऊन “याचं काहीतरी छान कर” असं मी म्हणणारच होते.

मग कुणाला काय हवं? दिवस वाईट गेला, डोकं भणभणलं, तर गाठोडं सोडावं आणि खुशाल बसावं. पण उदासी किंवा कशातच रस न वाटणं रोजच्या रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवडे टिकलं, झोप-भूक बिघडली, तर गोधडी शिवत वाट पाहू नये. डॉक्टर गाठावा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी गाठावा. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत. मराठीत बोलता येतं. या शहरात एका चौकाला अजून ‘पागलखाना चौक’ म्हणतात आणि त्या नावाच्या धाकानेच कितीतरी घरं महिनोन्‌महिने गप्प राहतात. आमचंही पाच महिने राहिलं. त्या पाच महिन्यांत मी त्याला “काहीतरी छंद लाव” हेच सांगत होते.

भाऊ आता कळमन्याला एका दुकानात हिशेब लिहितो. शिवण त्याने सोडून दिलं. मला आधी वाईट वाटलं. वाटलं, एवढं शिकलेलं गेलं. मॅडमना मात्र बरं वाटलं. त्यांच्या वहीत सुरुवातीपासून ‘कामावर सलग आठ तास’ असं लिहिलेलं होतं, शिवणाचं नाव त्यात नव्हतंच. ते आठ तास भरले आणि त्यांनी त्याची वही बंद केली. माझे अजून दोन सफारी उसवायचे बाकी आहेत.