घरचा आहेर आणि त्यामागचं गणित

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकी सिनेटमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या कर आणि खर्चाच्या मोठ्या विधेयकावर मतदान झालं. सभागृहात त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचे ५३ सदस्य होते, तरी निकाल ५०-५० लागला. सुझन कॉलिन्स, रँड पॉल आणि थॉम टिलिस हे तिघे रिपब्लिकन विरोधात गेले आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन्स यांना स्वतःचं मत टाकून विधेयक तारावं लागलं. तिघे नंतरही त्याच पक्षात राहिले. ना अपात्रतेची याचिका, ना सभापतींपुढे सुनावणी.

म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या तिंट्यावर ही बातमी वाचून दाखवली तर पहिला प्रश्न येईल, "मग त्यांची आमदारकी गेली कशी नाही?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पक्षादेश मोडणाऱ्या आमदाराला पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही, तर दहाव्या परिशिष्टाखाली त्याचं पद जाऊ शकतं. मात्र दुसरा प्रश्न जास्त रंजक आहे. त्यांच्याकडे बंड एकेक, दोनदोन करून होतं, आपल्याकडे गठ्ठ्यानं. असं का?

"तिकडचे तत्त्वाचे, इकडचे विकाऊ" हे उत्तर मला आळशी वाटतं. माणसाचा स्वभाव पणजीपासून वॉशिंग्टनपर्यंत फारसा बदलत नाही. बदलतात ते नियम आणि बेरजा.

आधी गोव्याचे आकडे पाहू. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदी आली, पण एक सवलत ठेवून: पक्षाचे एकतृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट', आणि ती माफ. १९८९ च्या निवडणुकीत गोव्यात काँग्रेसचे २० आमदार निवडून आले. मार्च १९९० मध्ये त्यातले ७ बाहेर पडले आणि प्रतापसिंह राणे यांचं सरकार कोसळलं. विसाचा एकतृतीयांश म्हणजे ६.६७, म्हणजे किमान ७. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीनं ही सवलत काढून टाकली आणि दोनतृतीयांशांच्या 'विलीनीकरणा'चीच वाट उरली. मग मार्च २०१९ मध्ये मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) ३ पैकी २ आमदार भाजपमध्ये विलीन झाले. त्याच वर्षी १० जुलैला काँग्रेसच्या १५ पैकी १०. १४ सप्टेंबर २०२२ ला काँग्रेसच्या ११ पैकी ८, कारण अकराचा दोनतृतीयांश ७.३३ होतो आणि आमदाराचा अपूर्णांक करता येत नाही.

चारही वेळा कायद्याला लागणारी किमान संख्या. एक कमी नाही, एक जास्तही नाही. नाराजी अशी नेमकी मोजून-मापून कुणाच्या मनात उगवत नाही. ती आधीपासून साचलेली असते आणि ठरावीक पातळीलाच बाहेर पडते. खाजन शेतीतल्या मानशीचं, म्हणजे खाऱ्या पाण्याला अडवणाऱ्या बांधातल्या झडपेचं, दार असंच चालतं: एका बाजूला पाण्याची पातळी पुरेशी चढली की आपोआप उघडतं, तोवर एक थेंब सोडत नाही. अमेरिकेत हे दारच नाही, म्हणून तिथे पाणी रोज झिरपतं.

आता सत्तेच्या मोजमापाकडे येऊ. १९५४ मध्ये लॉइड शॅप्ली आणि मार्टिन शूबिक या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एक साधी कल्पना मांडली. (शॅप्लींना पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) सगळे पक्ष आणि अपक्ष मतदानाला एका रांगेत उभे आहेत असं समजा. एकेक जण पुढे येतो, बेरीज वाढते, आणि ज्याच्या येण्यानं बहुमताचा आकडा गाठला जातो तो 'निर्णायक'. रांगेचे सगळे संभाव्य क्रम घ्या आणि कोण किती क्रमांत निर्णायक ठरतो ते मोजा. तेवढी त्याची खरी ताकद.

मार्च २०२२ च्या गोवा विधानसभेवर हे लावून पाहा. भाजप २०, काँग्रेस ११, आम आदमी पक्ष २, मगो २, गोवा फॉरवर्ड १, रिव्होल्युशनरी गोवन्स १ आणि अपक्ष ३. एकूण ४०, बहुमत २१, खेळाडू ९. नऊ जणांच्या रांगा ३,६२,८८० प्रकारे लागतात. भाजप रांगेत पहिला नसेल, तर त्याच्या आधी आलेल्यांची बेरीज १ ते २० च्या दरम्यान कुठेतरी असते आणि भाजपच्या २० मतांनी ती २१ गाठते किंवा ओलांडते. म्हणजे नऊपैकी आठ हिस्से क्रमांत भाजप निर्णायक. अर्ध्या जागा, पण ताकद जवळजवळ ८९ टक्के. भाजप पहिला असेल तर दुसऱ्या क्रमांकावर जो कुणी असेल तो निर्णायक, मग त्याच्याकडे ११ आमदार असोत की १. त्यामुळे ११ आमदारांच्या काँग्रेसची ताकद आणि एकट्या अपक्षाची ताकद अगदी सारखी निघते: बहात्तरावा हिस्सा, दीड टक्क्याहूनही कमी.

सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे ते आठ आमदार भाजपमध्ये आले तेव्हा सरकार पडायला टेकलेलं नव्हतं. मगो आणि अपक्ष धरून २५ चा पाठिंबा होता. मग त्यांना घेतलं कशाला? दिल्लीची गणितं, विरोधकांचं खच्चीकरण, ही कारणं आहेतच. शॅप्ली-शूबिक त्यात एक भर घालतात. २० वर असताना बाहेरच्या निदान एकाची गरज होती. २८ वर कुणाचीच नाही. भाजपची ताकद पूर्ण एक झाली, बाकी सगळ्यांची शून्य, सोबत बसलेल्या मित्रांचीसुद्धा. ढोबळ हिशेबानं, म्हणजे सभापतींचं मत बाजूला न काढता, पक्षातले सात जण रुसून बसले तरी २१ उरतात. रुसव्याची किंमत एका फटक्यात घसरली.

त्याच वर्षी जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांना मंदिर, चर्च आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती, हे वाचकांना आठवत असेल. खेळ-सिद्धांताच्या भाषेत ती फुकटची बडबड होती. शब्द मोडला तर माणसाच्या हिशेबात काही वजा होणार नसेल, तर तो शब्द त्याच्या पुढच्या वागण्याबद्दल काहीच सांगत नाही. देवाचा कोप हिशेबात धरायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचं काय? शॅप्ली आणि शूबिक यांनी त्याच निबंधात तोही हिशेब केला होता. कायदा करण्यात प्रतिनिधिगृह, सिनेट आणि राष्ट्राध्यक्ष यांची ताकद त्यांच्या मते ५:५:२. जगातला सर्वांत बलाढ्य मानला जाणारा माणूस घरच्या कायद्यांपुरता एकषष्ठांश! त्यात तो अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्याला मंत्रिपदही देऊ शकत नाही, कारण घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात दोन्ही पदं एकाच वेळी भूषवायला बंदी आहे. आपल्याकडे १२ मंत्रिपदं, त्याखाली महामंडळांची अध्यक्षपदं. ४० आमदारांच्या सभागृहात ही रसद केवढी मोठी ते सांगायला नको. नाराज सिनेटरला राष्ट्राध्यक्ष फार तर त्याच्या राज्यासाठी एखादा प्रकल्प देईल.

शिवाय विरोधात मत दिल्यानं राष्ट्राध्यक्ष पडत नाही. आपल्याकडे एप्रिल १९७९ मध्ये मगोचेच आमदार फुटले आणि शशिकला काकोडकर यांचं सरकार गेलं. मुख्यमंत्र्याचं पद सभागृहाच्या विश्वासावर उभं असल्यानं विरोधातलं प्रत्येक मत सरकारच्या मुळावर येऊ शकतं. अमेरिकेत विधेयक पडतं, चार वर्षांची मुदत तशीच राहते. त्यामुळे 'नाही' म्हणणं स्वस्त.

तरीही सगळेच 'नाही' म्हणत नाहीत. ५०-५० च्या सिनेटमध्ये २०२१ साली प्रत्येक डेमोक्रॅट बायडेन यांचं विधेयक अडवू शकत होता. अडवलं मुख्यतः वेस्ट व्हर्जिनियाच्या जो मँचिन यांनी. शॅप्लींची रांग इथे अपुरी पडते, कारण ती सगळे क्रम सारखेच संभाव्य धरते. ही उणीव कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थल यांच्या पद्धतीनं भरून निघते. १९८० च्या दशकात त्यांनी सदस्यांच्या मतांच्या नोंदी संगणकात घातल्या. कोण कुठल्या पक्षाचा हे संगणकाला सांगायचं नाही. कोण कुणासारखं मत देतो एवढ्यावरून त्यानं प्रत्येकाला डावी-उजवीच्या पट्टीवर बसवायचं. या पट्टीवर मँचिन डेमोक्रॅटांच्या अगदी उजव्या टोकाला होते, आणि २०२० मध्ये त्यांच्या राज्यानं ट्रम्प यांना तीनपैकी दोनाहून जास्त मतं दिली होती. १९ डिसेंबर २०२१ ला त्यांनी टीव्हीवर नकार जाहीर केला. ऑगस्ट २०२२ मध्ये मंजूर झालं ते त्यांच्याशी वाटाघाटी करून बरंच छाटलेलं विधेयक, तेही ५१-५० नं.

बहुमत मोठं असलं की शांतता, असंही नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३६ मध्ये ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. सिनेटच्या तीनचतुर्थांशांहून जास्त जागा त्यांच्या पक्षाकडे. फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयात सहापर्यंत नवे न्यायाधीश नेमण्याची योजना आणली. विरोधाचं नेतृत्व त्यांच्याच पक्षाचे बर्टन व्हीलर करत होते, आणि २२ जुलैला सिनेटनं ७० विरुद्ध २० मतांनी ती समितीकडे परत पाठवून गाडली. चिडलेल्या रूझवेल्टनी १९३८ मध्ये पक्षातल्या बंडखोर सिनेटरांविरुद्ध प्रचार केला. जॉर्ज, टायडिंग्ज आणि स्मिथ हे त्यांचे मुख्य लक्ष्य होते; तिघेही पुन्हा निवडून आले. विल्यम रायकर यांनी १९६२ मध्ये मांडलेला तर्क इथे लागू पडतो: जिंकायला लागतात त्याहून जास्त माणसं गोळा झाली की वाटा पातळ होतो आणि आघाडी गळू लागते. २८ आमदारांच्या आणि १२ मंत्रिपदांच्या पक्षाला हे समजावून सांगायला रायकर लागत नाहीत.

मतदारसंघाची ओढ निवडणूक जवळ आली की सर्वांत जास्त जाणवते. २९ सप्टेंबर २००८ ला बँका वाचवण्याचं विधेयक बुश यांच्याच पक्षाच्या १३३ सदस्यांनी पाडायला मदत केली. बाजूनं फक्त ६५. मतदान पाच आठवड्यांवर होतं, आणि बुश यांना पुन्हा उभं राहायचं नव्हतं. टिलिस यांचं प्रकरण याच्या उलट टोकाचं. पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उमेदवार देण्याची धमकी ट्रम्प यांनी दिली. दुसऱ्याच दिवशी टिलिस यांनी पुन्हा लढणार नसल्याचं जाहीर केलं आणि मग मोकळ्या मनानं विरोधात मत दिलं.

या सगळ्या मोजमापात एक मोठं छिद्र आहे. पक्ष फुटणार असं दिसलं तर नेते विधेयक मतदानाला आणतच नाहीत. २४ मार्च २०१७ ला आरोग्य विम्याचं विधेयक मतदानाआधीच मागे घेतलं गेलं. पूल-रोझेन्थल यांच्या पट्टीवर त्या दिवसाच्या भांडणाची खूणही नाही. पर्वरीत, म्हणजे गोवा विधानसभेत, तर हे छिद्रच सगळी चादर आहे. बहुतेक कामकाज आवाजी मतदानानं उरकतं, कुणी काय मत दिलं याची नावानिशी नोंद क्वचितच होते. गोव्यातल्या सत्ताधारी आमदारांची नाराजी मोजायची तर मतांच्या नादी न लागता तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना पाहाव्या लागतील: स्वतःच्याच मंत्र्याला कोण अडचणीत आणतो, कुठल्या खात्यावर, आणि मंत्रिमंडळ विस्ताराची चर्चा सुरू झाली की ते प्रश्न वाढतात का. राज्यशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्यानं दोन-तीन अधिवेशनांचे प्रश्न घेऊन बसायला हरकत नाही.